दगडाची चाळणी

प्रत्येक नांदत्या घरांत अशी एखादी वस्तु असते कीं, तिची किंमत कोणी करीत नाहीं आणि ती टाकूनही कोणी देत नाहीं. आमच्या नाशिकच्या घरीं हा मान एका दगडाकडे आहे. सन १९७२ च्या दुष्काळांत आमचे तीर्थरूप अण्णा यांनीं सिन्नर तालुक्यांतील आमच्या माळावर विहीर खणावयास घेतली. चाळीस फुटांखालीं एक सुरुंग उडाला, तेव्हां काळ्या कातळाच्या पोटांतून पाण्याऐवजीं स्फटिकांचा एक गुच्छ बाहेर आला. रंग पांढरा, त्यावर किंचित् गुलाबी झांक. आकार मध्यें आवळून बांधलेल्या आणि दोन्ही टोकांस फुललेल्या गव्हाच्या पेंढीसारखा. पाणी पुढें दहा फुटांवर लागलें. पण अण्णांच्या भगिनी, आमच्या आत्याबाई, यांनीं त्याचा अर्थ आपल्यापुरता लावून टाकला कीं, आधीं देव निघाला आणि मग पाणी लागलें. तेव्हांपासून तो दगड तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर बसला आहे, आणि तुळशीबरोबर त्यालाही हळदकुंकू मिळत आलें आहे. आम्ही सुशिक्षित मंडळी या प्रकारास हंसत होतों. कशाला हंसावें हें ठरविण्याइतके आम्ही शहाणे नव्हतों, हें कळावयास पुढें बरींच वर्षें जावीं लागलीं.

आमचें कुटुंब जुन्या वळणाचें आहे. वडील बंधु, ज्यांना घरांत लहानथोर सर्व दादाच म्हणतात, घराचा कारभार पाहतात. आम्ही शाळेंत भूगोल शिकवून निवृत्त झालों. दादांचा मुलगा, जो इतका मोठा झाला तरी आम्हां सर्वांना अजून ‘बाळ’च आहे, रसायन-अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडला, तेव्हां आखातांतील एका तेलशुद्धीच्या कारखान्यांत चांगल्या वेतनाची जागा त्याला चालून आली. ती न घेतां त्यानें संशोधनाची वाट धरली. आणि विषय काय, तर निसर्गांत सांपडणाऱ्या खनिजांच्या साहाय्यानें हायड्रोकार्बनांचीं मिश्रणें स्वस्तांत वेगळीं करणें! दादा दोन दिवस जेवतांना बोलले नाहींत. वहिनींनीं डोळ्यांस पदर लावला. आम्हीं मात्र, काका या नात्यानें कोणाची समजूत घालण्याऐवजीं, भर पंगतींत एक कोटी केली: “आजोबांनीं शास्त्रार्थाचा कीस पाडला, अण्णांनीं कायद्याचा पाडला; आतां बाळ दगडाचा कीस पाडणार!” सर्व हंसले. बाळही हंसला, परंतु त्याच्या ताटांतला भात तसाच राहिला, हें आत्याबाईंनीं पाहिलें आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हांस चांगलेंच सुनावलें.

त्या वर्षींच्या दिवाळींत बाळ घरीं आला तो सोनाराची फुंकणी आणि एक स्पिरिटचा दिवा घेऊन. कट्ट्यापाशीं जाऊन त्यानें विचारलें, “आजी, तुझ्या देवाचा एक कण घेऊं का?” आत्याबाई क्षणभर विचारांत पडल्या. “त्याला दुखत नसेल तर घे,” त्या म्हणाल्या, “पण काम झालें कीं परत आणून ठेव.” बाळानें एक टवका काढून चिमट्यांत धरला आणि फुंकणीनें ज्योत त्यावर सोडली. पाहतां पाहतां तो टवका फुगला, त्याचे पापुद्रे सुटून पिळवटले, आणि उकळत असल्यासारखा फसफसून तो अखेर पांढऱ्या मण्याएवढा होऊन बसला. दगड उकळतो, हें आम्हीं त्या दिवशीं प्रथम पाहिलें.

स्वीडनमधील क्रोनस्टेट नांवाच्या खनिजशास्त्रज्ञानें हाच चमत्कार पाहून १७५६ सालीं या जातीच्या खनिजांस ‘झिओलाइट’ हें नांव दिलें. ग्रीक भाषेंतील ‘उकळणें’ आणि ‘दगड’ या अर्थाच्या दोन शब्दांचा तो समास आहे. आमच्या कट्ट्यावरचा देव याच गोत्रांतला. त्याचें स्वतःचें नांव स्टिल्बाइट. सिलिकॉन, अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या अणूंनीं बांधलेली ही एक जाळीदार चौकट असते. तिच्यांत सर्वत्र सारख्या मापाचीं दालनें व दारें असतात. त्या दालनांत कॅल्शियम, सोडियम असल्या धातूंचे विद्युत्भारित अणु आणि पाणी हीं वस्तीला असतात. उकळलें तें हें पाणी. फ्रान्समधील दामूर यानें १८४० सालीं असें दाखविलें कीं, बेतानें तापविल्यास यांतील पाणी निघून जातें, स्फटिक तसाच पारदर्शक राहतो, आणि गार झाल्यावर तो पुन्हां पाणी पिऊन घेतो. बिऱ्हाडकरू गेला तरी वाडा उभा. आणि वाडा रिकामा झाला कीं दुसरा बिऱ्हाडकरू ठेवतां येतो. बाळाचें सारें संशोधन या एका वाक्यांत होतें.

हें ऐकत असतां आम्हांस मनांतून लाज वाटली. तीस वर्षें आम्हीं फळ्यावर दख्खनच्या पठाराचा नकाशा काढला. सुमारें सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे थर कसे पसरले हें मुलांकडून पाठ करून घेतलें. थिजणाऱ्या लाव्ह्यांत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, आणि त्यांत खनिजयुक्त पाणी झिरपून हे स्फटिक धरले, हेंही पुस्तकांत होतें. १८६३ सालीं पुऱ्या झालेल्या बोरघाटांतील आगगाडीच्या मार्गासाठीं डोंगर फोडतांना निघालेले असले स्फटिक परदेशच्या संग्रहालयांपर्यंत पोंचले. आमच्याच सिन्नरास आज ‘गारगोटी’ नांवाचें खनिजांचें संग्रहालय आहे. आणि अंगणांतल्या दगडाचें नांव मात्र आम्हांस पुतण्यानें सांगावें!

पुढचा पाठ स्वयंपाकघरांत झाला. बाळानें वहिनींच्या हातची चाळणी घेतली आणि तींत शेवयांचे सरळ तुकडे व चकलीचे तुकडे एकत्र टाकून ती हालविली. शेवया उभ्या होऊन एकेका भोंकांतून खालीं उतरल्या. काटेरी चकली वरच राहिली. “काका, माझें काम एवढेंच,” तो म्हणाला. “फक्त चाळणीचें भोंक तेवढें फार बारीक आहे.”

भोंक किती बारीक, तें सांगितल्यावांचून या कामाची कल्पना येणार नाहीं. मिलिमीटरचे एक कोटी भाग केले तर त्यांतील एका भागास आंगस्ट्रॉम म्हणतात. झिओलाइटांचीं दारें असल्या तीनचारपासून सातआठ आंगस्ट्रॉमांपर्यंत रुंद असतात. आणि चाळावयाचें काय? खनिज तेल हें एक द्रव्य नव्हे. कार्बन आणि हायड्रोजन यांच्या असंख्य संयुगांची ती खिचडी आहे. कांहींचे कार्बन-अणु शेवईसारखे एका सरळ ओळींत, कांहींना फांद्या फुटलेल्या, तर कांहींची कडबोळ्यासारखी वाटोळी गांठ. गुणही निरनिराळे. सरळ साखळीचें हेप्टेन मोटारीच्या पेट्रोलांत वाईट. एंजिन ठोके देऊं लागतें. म्हणून त्याचा ऑक्टेन-अंक शून्य धरला आहे, तर फांद्यांच्या आयसो-ऑक्टेनचा शंभर. कपडे धुण्याच्या पावडरींत नेमकें उलट! तेथें रॉकेलांतून काढलेल्या दहा ते तेरा कार्बनांच्या सरळ साखळ्याच हव्या असतात. कारण त्यांपासून केलेलें द्रव्य नदीनाल्यांत गेल्यावर सूक्ष्म जंतु तें सुखानें खाऊन टाकतात, फांद्यांचें मात्र त्यांना सहजीं पचत नाहीं. म्हणजे निवड केल्यावांचून दोन्हीही वायां जातात.

ही निवड बहुधा ऊर्ध्वपातनानें, म्हणजे उकळून वाफ वेगळी करून, करितात. परंतु दोन द्रव्यांचे उकळबिंदु जवळजवळ आले कीं पंचाईत पडते. प्रोपेन शून्याखालीं ४२ अंशांवर उकळतो, तर प्रोपिलीन सुमारें ४८ अंशांवर. या पांचसहा अंशांच्या फरकासाठीं शंभराहून अधिक ताटांचा उंच मनोरा उभारून तेंच द्रव्य पुन्हां पुन्हां उकळावें व थिजवावें लागतें. त्याला इंधन किती लागत असेल, याची कल्पना ज्यांनीं एकदां बासुंदी आटविली आहे त्या आमच्या वाचकभगिनींस सहज येईल. दगडाच्या चाळणीनें हेंच काम झालें तर तें इंधन वांचेल, ही या विद्येची आशा आहे.

ती आशा निराधार नाहीं. १९२५ सालीं वायगेल व स्टाइनहोफ या जर्मन संशोधकांनीं पाहिलें कीं, चॅबाझाइट नांवाचें नैसर्गिक झिओलाइट पाणी, मेथिल व एथिल अल्कोहोल आणि फॉर्मिक आम्ल यांना आंत घेतें. ॲसिटोन, ईथर व बेन्झीन यांना मात्र दाराबाहेर ठेवतें. मॅकबेन यानें १९३२ सालीं या गुणास ‘रेणूंची चाळणी’ असें समर्पक नांव दिलें. न्यूझीलंडमध्यें जन्मलेल्या रिचर्ड बॅरर यानें पुढें या खनिजांचा शिस्तीनें अभ्यास केला, आणि सरळ साखळ्या आंत जातात व फांद्यांच्या अडतात हा नियम प्रस्थापित केला. आमच्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील वायूंतही सरळ ब्युटेन आणि फांदीचें ब्युटेन अशीं दोन भावंडें असतात. चॅबाझाइट पहिल्याला आंत घेतें, पण तें रेंगाळत आंत जातें. दुसऱ्याला तें उभेंच करीत नाहीं.

येथें आमच्या आत्याबाईंनीं एक शंका काढली. “तेल दगडानें चाळायला इतकीं वर्षें कां लागलीं? माझ्या लग्नांतल्या शालूवर समईचें तेल सांडलें, तेव्हां आईनें मुलतानी माती पसरून एका रात्रींत डाग उचलला होता.” बाळ आनंदानें उठून उभा राहिला. मुलतानी मातीला चाळणीचीं भोंकें नाहींत. ती आपल्या अफाट पृष्ठभागावर द्रव्य धरून ठेवते, कांहीं घट्ट तर कांहीं सैल. अमेरिकेच्या भूगर्भखात्यांतील डेव्हिड डे यानें १९०० च्या सुमारास असल्याच मातीनें भरलेल्या नळींतून अशुद्ध खनिज तेल वर चढविलें, तेव्हां तेलाचे हलकेभारी भाग निरनिराळ्या उंचीवर वेगळे झालेले त्यास आढळले. बाळानें प्रयोगशाळेंतून आणलेल्या तपकिरी तेलाच्या नमुन्यावर तो प्रयोग आम्हांस उलट अंगानें दाखविला. कांचेच्या नळींतील तापवून कोरड्या केलेल्या मातीवर तेल ओतलें, आणि खालून पहिले थेंब गळाले ते साजुक तुपासारखे फिकट. आत्याबाई एवढेंच म्हणाल्या, “बघ, आई शहाणी होती माझी.”

आतां आम्हांस आमच्या दोषाकडे वळलें पाहिजे.

‘स्वस्त खनिज’ हे दोन शब्द दादांच्या आणि आमच्या कानांवर निरनिराळ्या वेळीं पडले; पण दोघांच्याही मनांत त्यांनीं एकच अंकुर धरला. त्याच सुमारास एका खडी क्रशरच्या मालकानें आमच्या माळाला मागणी घातली होती. घराचें छप्पर गळत होतें, पैशाची नड होती, आणि पडीक माळ ठेवून करावयाचें काय, असा आमचा विचार जवळजवळ ठरला होता. बाळाला ही गोष्ट मुळींच रुचली नव्हती. त्याच्या लहानपणच्या साऱ्या उन्हाळ्याच्या सुट्या त्या विहिरीच्या थारोळ्यावर गेल्या होत्या. पण कारभारांत मुलांनीं बोलावयाचें नाहीं, ही आमच्याकडची रीत. म्हणून तो गप्प होता. आतां मात्र आम्ही स्वतःच थांबलों. ज्या माळाच्या पोटांत झिओलाइट, तो माळ खडीच्या भावानें कां द्यावा? आम्हीं रोजनिशीच्या मागच्या पानावर आंकडे मांडले. माळाची लांबीरुंदी, विहिरीची खोली, दर ब्रासामागें इतका माल! ज्या विषयाची पंगतींत थट्टा केली होती त्याच विषयावर आम्ही रात्रीं अंथरुणांत पडल्या पडल्या इमले बांधूं लागलों. आणि बाळाला पत्र लिहिलें कीं, आपल्या दगडाची सविस्तर परीक्षा करून कळवावें.

उत्तर यावयास पांच महिने लागले. तें पत्रानें आलें नाहीं. बाळ स्वतः आला. रात्रीं जेवणें झाल्यावर त्यानें दादांच्या व आमच्या समोर एक पुडी ठेवली. तींत करड्या रंगाची पूड होती.

“हा आपला दगड,” तो म्हणाला. “याचा या कामीं उपयोग नाहीं.”

मग त्यानें एकेक कारण सांगितलें. पहिलें कारण, चाळणी पुन्हां पुन्हां वापरावयाची तर दर खेपेस तापवून किंवा निर्वात करून ती रिकामी करावी लागते. आणि स्टिल्बाइटास जोराची आंच सोसत नाहीं, त्याची चौकट कोसळते. वाडाच पडला, मग बिऱ्हाडकरू ठेवावा कोठें? दुसरें कारण, आपल्या कातळांत हे स्फटिक गाभुळलेल्या चिंचेंतल्या चिंचोक्यांसारखे, पोकळी सांपडेल तेथें, मूठमूठ आहेत. संग्राहक एखाद्या सुंदर गुच्छाला चांगली किंमत देईल. पण टनांनीं माल हवा तर टनांनीं कातळ फोडावा लागेल. स्वस्त झिओलाइट ज्याला म्हणतात तें निराळें. ज्वालामुखीची राख तळ्यांत पडून, खाऱ्या पाण्यांत युगानुयुगें मुरून, तिचे थरचे थर क्लिनोप्टिलोलाइट, चॅबाझाइट अशा खनिजांचे झाले. अमेरिकेच्या पश्चिम भागांत असे विस्तीर्ण थर १९५० नंतरच्या दशकांत लक्षांत आले. नेपल्सच्या बाजूला तर राखेपासून झालेला असलाच पिवळा दगड लोकांनीं शतकानुशतकें घरें बांधण्यास वापरला. तसे थर आपल्या माळांत नाहींत.

तिसरें कारण सांगतांना त्याचा आवाज किंचित् खालीं आला. कारण तें त्याच्या स्वतःच्या संशोधनाविषयीं होतें. स्वस्त थर जेथें आहेत तेथेंही निसर्गाची चाळणी एकसारखी नसते. एका पोत्यांतील दगडानें जें साधतें तें दुसऱ्या पोत्यांतील दगडानें साधेलच असें नाहीं. कोठें चिकणमाती मिसळलेली, कोठें गार, कोठें सोडियम जास्त तर कोठें पोटॅशियम. क्षारांच्या पाण्यांत भिजवून आंतील धातु बदलतां येतात, दार थोडें लहानमोठें करतां येतें. पण हें धुणें, दळणें, तापविणें करतां करतां स्वस्ताई संपत जाते. याच कारणानें अमेरिकेंत मिल्टन यानें १९४९ पासून प्रयोगशाळेंत कृत्रिम झिओलाइटें घडविलीं. त्यांतील पांच आंगस्ट्रॉमांच्या दारांची जात घेऊन १९५९ पासून सरळ साखळ्या निवडण्याचे कारखाने चालूं लागले. “आमच्या घरीं धुण्याची जी पावडर येते, तिच्यामागें अशीच घडविलेली चाळणी असते. नैसर्गिक दगडाचा उपयोग मुळींच नाहीं असें नव्हे. लॉस एंजेलिसजवळ पालोस व्हर्डेस येथें कचऱ्याच्या भरावांतून निघणारा मिथेन शुद्ध करावयास १९७५ सालीं तोच वापरला. जेथें भरड चाळण पुरते तेथें तो उत्तम. पण बारीक निवडीला तो अजून पुरा उतरत नाहीं. माझ्या प्रबंधांतही मी हेंच लिहिणार आहें.”

बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग दादा म्हणाले, “म्हणजे माळ विकायला हरकत नाहीं.”

“नाहीं.”

“तूं आणखी दोन वर्षें परीक्षा चालू आहे म्हणाला असतास, तर आम्ही थांबलों असतों.”

“हो, दादा. तें मला ठाऊक होतें.”

दादा उठून माडीवर गेले. आम्ही त्या पुडीकडे पाहत बसलों. ज्या मुलाला माळ राहावा असें सर्वांहून अधिक वाटत होतें, त्यानेंच तो राहण्याचें एकमेव निमित्त आपल्या हातानें मोडलें होतें. आणि तें कोणापुढें, तर ज्यांनीं त्याच्या कामाची थट्टा केली व मग त्याच कामाच्या जिवावर लोभ धरला, त्यांच्यापुढें. रोजनिशीचें मागचें पान आम्हीं त्या रात्रीं फाडून टाकलें.

दुसऱ्या दिवशीं दादांनीं क्रशरच्या मालकाला बोलावून सांगितलें कीं, सडकेच्या बाजूचा तुकडा तेवढा विकावयाचा आहे. विहिरीकडचा माळ घरांत राहील. याचें कारण त्यांनीं कोणास सांगितलें नाहीं, आणि आम्हींही विचारलें नाहीं. अर्धा माळ गेल्यामुळें पैसा अर्धाच आला आणि छपराला तो पुरला नाहीं. उरलेली रक्कम आम्हीं आमच्या निवृत्तीच्या शिलकेंतून भरली. घरांत सर्वांना तें आमचें औदार्य वाटलें. तें औदार्य नव्हतें, पंगतींतल्या एका कोटीचा तो दंड होता. हें आज प्रथमच येथें लिहून ठेवीत आहों.

बाळाचा प्रबंध पुढें मान्य झाला. त्यांत ‘साधलें नाहीं’ असें लिहिलेलीं पानें ‘साधलें’ असें लिहिलेल्या पानांहून अधिक आहेत, असें तो स्वतःच सांगतो. आणि मागून येणाऱ्यांना पहिल्या पानांचाच उपयोग जास्त होईल, असेंही म्हणतो. आखातांतील जागा पुन्हां आली नाहीं. तो आतां एका महाविद्यालयांत बेताच्या वेतनावर शिकवितो, आणि वहिनींनीं आतां त्याबद्दल बोलणें सोडून दिलें आहे.

त्या रात्रींची पुडी दुसऱ्या दिवशीं सकाळीं कट्ट्यावर दिसली. आत्याबाईंनीं ‘परत आणून ठेव’ म्हणून बजावलें होतें, तें बाळ विसरला नव्हता. आत्याबाईंनीं ती उघडून पाहिली, पूड तुळशीच्या मुळाशीं घातली, आणि नेहमींप्रमाणें दगडाला कुंकू लावलें. आम्ही जवळच उभे होतों. या खेपेस आम्हांस हंसूं आलें नाहीं.